धारातीर्थी भाऊ

धारातीर्थी भाऊ मरायचे फार सुरेख. हे वाक्य लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं, पण त्यांच्याबद्दल पहिल्यांदा सांगण्यासारखं हेच आहे. आधी डावा गुडघा जमिनीला टेकायचा, मग उजवा हात आधार शोधत मागे जायचा, तो सापडायचा नाही, आणि मग सगळा देह एकदम सैल पडायचा, खुंटीवरून धोतर घसरावं तसा. डोळे मात्र लगेच मिटायचे नाहीत. थोडा वेळ ते उघडेच राहायचे. लोणावळ्याच्या तंबूत मी सिनेमाचं मशीन चालवायचो. त्यामुळे त्यांचं एकेक मरण मी आठ-आठ, दहा-दहा दिवस रोज पाहिलं आहे. त्या धंद्यात पुढे मला बहुतेक सगळ्याचा कंटाळा आला, पण भाऊंच्या पडण्याचा नाही आला.

तुमच्यापैकी ज्यांनी ते जुने ऐतिहासिक चित्रपट पाहिले असतील, त्यांनी भाऊंना पाहिलं आहेच. फक्त ओळखलं नसेल. किल्ल्याच्या दरवाजावर पहिला बाण कुणाला लागतो? भाऊंना. राजाचा निरोप घेऊन निघालेला आणि खिंडीतच आडवा झालेला स्वार कोण? तेही भाऊच. पडद्यावर सुरुवातीला नावं यायची, त्यांत त्यांचं नाव कधी आलं नाही. ते 'आणि इतर' मध्ये. आमच्या तंबूच्या मालकांनी एकदा चेष्टेत "या, धारातीर्थी!" म्हणून त्यांचं स्वागत केलं आणि ते नाव कान्ह्यापासून खंडाळ्यापर्यंत चिकटलं. भाऊंना त्याचा राग नव्हता. "नाव तरी हाय," म्हणायचे.

मूळचे ते कान्ह्याचे. घरी भाताची खाचरं होती, पण तीन भावंडांत हे धाकटे, शेतात त्यांचं कुणी ऐकायचं नाही, म्हणून लोणावळा स्टेशनवर टांगा हाकायचे. मुके चित्रपट होते तेव्हाची गोष्ट. पुण्याची एक कंपनी विसापूरच्या पायथ्याशी लढाई घ्यायला आली होती आणि घोड्यावरून पडायला त्यांचा नट काही केल्या तयार होईना. सामान पोचवायला आलेला टांगेवाला बाजूला उभा राहून ही सगळी हुज्जत ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला, "मी पडू का?" पडला. डायरेक्टरने पुन्हा पडायला सांगितलं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याला जेवायला बसवलं आणि उद्या ये म्हणून सांगितलं. पुढची वीस-बावीस वर्षं ते असेच उद्या जात राहिले.

"पडताना घाई करू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. नवी पोरं बाण लागला की धाडकन कोसळायची, त्याचा त्यांना फार राग. "बाण लागल्याव मानसाला आदी कळत न्हाई. त्यो इचार करतो, ह्ये काय झालं? मंग त्याला घर आठवतं. मंग पडतो." भात कापून झालं की रिकाम्या खाचरात पेंढा पसरून ते एकटेच पडण्याचा सराव करायचे. वाटेने जाणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे सावरत थांबायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. त्या पडण्यापायी डावा गुडघा कायमचा सुजलेला राहिला. थंडीत तर त्यांना कामशेत स्टेशनाचा जिना चढायलाही माझा खांदा लागायचा.

पण त्यांना दमवलं ते पडण्याने नाही, थांबण्याने. "आमचं काम थांबायचं, मिस्तरी," ते मला सांगायचे. मला ते मिस्तरीच म्हणत. "मरायचं त्ये जाता जाता." सकाळी सातला चिलखत चढवायचं, दुपारी तीनला कॅमेरा आपल्याकडे वळला तर वळला. तोवर ना पाणी पिता येतं, कारण दाढी निघते, ना बसता येतं, कारण पाठीला पत्रे टोचतात. एकदा लोहगडाखाली त्यांना प्रेत म्हणून निजवलं होतं. भाऊ निजले. ऊन उतरलं, सूर्य डोंगरामागे गेला, तरी कुणी "उठा" म्हणेना, म्हणून हे श्वास रोखून पडलेलेच. शेवटी एक धनगर शेरडं घेऊन आला आणि काठीने ढोसून म्हणाला, "पाव्हनं, त्ये लोक कवाच गेलं की!" कंपनी सामान आवरून दुपारीच पुण्याला रवाना झाली होती. ही गोष्ट सांगताना भाऊ स्वतः हसायचे, आणि आम्हीही हसायचो.

त्यांचा पहिला चित्रपट आमच्या तंबूत लागला तेव्हा अख्खं कान्हे बैलगाड्या जुंपून आलं होतं. भाऊंची आई पुढे बसली होती. तेव्हा मी मशीन हाताने फिरवायचो. पडद्यावर भाऊ घोड्यावरून पडले आणि म्हातारीने जो हंबरडा फोडला, त्याने माझा हातच थांबला. बायका तिला धरायला धावल्या. भाऊ माणसांच्या डोक्यांवरून ढांगा टाकत पुढे गेले आणि ओरडले, "आये, मी हाय हितं! ह्यो बग!" म्हातारीने त्यांचं तोंड चाचपलं, गालावरून हात फिरवला, आणि रडतच पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "मंग त्यो कोन गेला रं?" आणि मग एक गोष्ट झाली. गावातली जाणती माणसं उठली, पागोटी नीट केली आणि तंबूबाहेर चालू लागली. मागोमाग सगळं गाव. मी पळत जाऊन म्हटलं, अहो, चित्रपट अजून निम्मा आहे. तर गावचे आबा म्हणाले, "आमचा मानूस गेला. आता हितं बसून करमनूक बघायची व्हय?"

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. भाऊंचा चित्रपट लागला की कान्हेकर हमखास येणार आणि भाऊ पडले की हमखास उठणार. परतीच्या वाटेवर इंद्रायणीत हातपाय धुवून मगच घरात पाऊल टाकणार. खरं मरण नाही हे त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. गाडीत भाऊ स्वतः त्यांच्यासोबत बसून सुपारी कातरत असायचे. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. आमचे मालक वैतागायचे, कारण भाऊ बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या रिळातच जायचे आणि त्यानंतर निम्मा तंबू ओस पडायचा.

घरी तर याहून कडक कारभार. शूटिंगवरून आले की भाऊंनी अंगणातच थांबायचं. वहिनी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळून टाकायच्या, मग अंगणातल्या दगडावर आंघोळ, मग घर. वहिनी म्हणजे उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. पहिल्या दिवशी सासूचा तो हंबरडा त्यांनी शेजारी बसून ऐकला होता. त्यानंतर त्या आमच्या तंबूत कधी आल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला तर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "भावजी, कुंकू लावून नवऱ्याचं मरान बगायला मी येनार न्हाई. ह्यांनी शेवटपत्तुर जित्तं ऱ्हायचा एक शिनेमा करावा. मंग येते." भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

मला वाटतं, ते वाक्य त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं. साऱ्या मावळाने त्यांचं काम पाहिलं, आणि जिने पाहावं तिनेच नाही. दुसरी एक खंत होती, पण ती ते फक्त मलाच बोलून दाखवत. त्यांचा चेहरा पडद्यावर कधी मोठा झाला नाही. कॅमेरा नेहमी लांब, मध्ये घोडे, धूळ, भाले. एका सकाळी आमच्या रिकाम्या तंबूत ते पडद्याजवळ उभे राहिले आणि त्या पांढऱ्या कापडावर दोन बोटांनी माप दाखवलं. "माझं त्वांड एवढंच. चिंचोक्याएवढं. अन् त्या राजाचं त्वांड बैलगाडीएवढं. मरतानाचं डोळं कोन बगनार, मिस्तरी?" मी म्हटलं, मी बघतो की. "तू मशीन बगतोस," ते म्हणाले.

बोलपट आले आणि भाऊंचं आणखीच कठीण झालं. बोली मावळातली, उच्चार पुण्याच्या लोकांना चालेना. त्यांना मग "महाराज!" एवढं ओरडायला द्यायचे आणि लगेच मारायचे. आमच्या मालकांनी तंबू मोडून पत्र्याचं थिएटर बांधलं, मशीन विजेवर आलं, माझे केस पिकायला लागले. भाऊ पन्नाशीच्या पुढे गेले तरी घोड्यावरून पडतच होते. याच सुमारास वहिनींची नजर अधू झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याला उपाय नाही, हळूहळू सगळंच जाईल, वर्ष-दीड वर्ष धरून चला. वहिनी तांदूळ आता बोटांनी चाचपून निवडायला लागल्या. ताटातला भात दिसायचा, पण ताटापलीकडे बसलेला माणूस दिसायचा नाही.

त्या वर्षभरात भाऊ जेवढ्या कंपन्यांच्या दारात उभे राहिले, तेवढे जन्मात राहिले नसतील. मागणं एकच, शेवटपर्यंत जिवंत राहील असं काहीही द्या. भालदार द्या, देवळातला गुरव द्या. ज्यांनी वीस वर्षं यांना मारलं ते हसायचे. म्हणायचे, "भाऊ, तुम्हाला जिवंत ठेवून आम्ही करायचं काय?" अखेर एका डायरेक्टरने ऐकलं. एका म्हाताऱ्या नाईकाची भूमिका होती. शेवटी गड परत मिळतो आणि हा नाईक गडाच्या किल्ल्या राजाच्या हातात देतो. भाऊंनी कान्ह्याला जाऊन आधी वहिनींना सांगितलं, मग मारुतीला नारळ फोडला, मग लोणावळ्याला येऊन मला मिठी मारली. पूर्वी कधी त्यांनी असं केलं नव्हतं.

शूटिंग संपवून ते परत आले तेव्हा मी मशीनला तेल घालत होतो. दारात उभे राहिले, आत येईनात. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, वहिनींचंच काही बरंवाईट झालं.

"पडलो रं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, शेवट फिका होतोय, नाईकाने राजावरचा वार आपल्या अंगावर झेलायला हवा. भाऊंनी हात जोडले. बायकोला वचन दिलंय म्हणून सांगितलं. डायरेक्टर चांगला माणूस होता, त्याने जबरदस्ती केली नाही. तो एवढंच म्हणाला, "बघा भाऊ. महायुद्धाचे दिवस, कच्ची फिल्म मोजून मिळते आहे. पण तुम्ही पडणार असाल तर मी कॅमेरा तुमच्या तोंडाजवळ आणतो. एवढा जवळ." आणि त्याने हाताने अंतर दाखवलं.

"वीस वर्सं, मिस्तरी," भाऊ खाली बसत म्हणाले. "वीस वर्सं वाट बगितली. त्यो डब्बा जवळ आला अन् माज्या तोंडातनं 'न्हाई' निगालंच न्हाई. लय झ्याक पडलो. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. अन् आता घरी कंच्या तोंडानं जाऊ?"

मी त्यांच्यावर रागावलो, हे कबूल करतो. एवढी नजर जात चाललेली बाई, आणि या माणसाला आपलं थोबाड मोठं दिसण्याची हौस! तसं बोललोही. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक काम कर. माज्या मरनाच्या आदी मशीन थांबव. मोडलं म्हन. तिला सांगू, हितंच संपतंय." थिएटरात रिळं बदलताना मशीन थांबवावंच लागे, तेव्हा हे मला जमण्यासारखं होतं. मात्र भरलेल्या थिएटरला शेवट न दाखवता घरी पाठवणं म्हणजे बाकं मोडून घेणं, आणि मालकांनी मला उभं जाळलं असतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. त्यांच्या गुडघ्याकडे बघून म्हटलं असेन.

रविवारी तिसऱ्या प्रहराच्या खेळाला कान्हेकर आले. वहिनी जावेचा हात धरून आल्या, नवं हिरवं लुगडं नेसून. बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसल्या. भाऊ माझ्याजवळ मशीनपाशी उभे. चित्रपट सुरू झाला. भाऊ पडद्यावर येत होते, जात होते, पण लांबूनच, चार माणसांत. एक एक करत रिळं संपली. शेवटचं रीळ तेवढं डब्यातच ठेवून मी दिवे लावले आणि मशीन बिघडलं म्हणून ओरडून सांगितलं. पाच-दहा शिट्ट्या झाल्या. मालक कचेरीतून धावत निघाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने वहिनी जावेला घेऊन, बाकांना चाचपत थेट आमच्याकडे आल्या.

"संपलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"संपलं गं," भाऊ म्हणाले. "बगितलंस न्हवं? शेवटपत्तुर हाय मी."

वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कुटं व्हता तुमी? मला एकदाबी दिसला न्हाई. समदी मानसं मुंग्यावानी. जाऊबाई म्हनायच्या, ह्यो बग भाऊजी, ह्यो बग. मी नुसती हां हां म्हनत व्हते."

आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी उगाच मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी काढून पुन्हा बसवायला लागलो. भाऊंनी वहिनींचा हात धरला. गावादेखत त्यांनी असा हात धरलेला मी तेव्हाच पाहिला.

"एक रीळ ऱ्हायलंय," ते म्हणाले. "मिस्तरीनं लपवलंय. मीच सांगितलं. त्यात मी पडतो गं. वचान मोडलं मी. पर त्यात माजं त्वांड लय मोटं हाय. पडदाभर हाय."

मालक येऊन माझ्यावर खेकसत होते, मागून लोक बाकं बडवत होते, आणि ही बाई विचार करत उभी. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"लावा भावजी," त्या म्हणाल्या. "मरत असले तरी दिसतील तर खरं."

त्या पुन्हा पुढे जाऊन बसल्या, आणि या वेळी भाऊही त्यांच्याबरोबर गेले. बायकांच्या ओळीत, त्यांच्या पायाशी खाली जमिनीवर बसले. कुणी हरकत घेतली नाही. मी रीळ लावलं. वार झाला, डावा गुडघा टेकला, हात मागे गेला, आणि मग कॅमेरा जवळ आला. भाऊंचा चेहरा सगळ्या पडद्यावर पसरला, कपाळावरचा वण, दाढीचे खुंट, ओठाच्या कडेची माती, सगळं. ते उघडे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. त्यांत भीती नव्हती. फार दमलेल्या माणसाला कुणीतरी बस म्हणावं, तसे ते डोळे होते. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही.

सवयीप्रमाणे कान्हेकर उठले. आबा दोन पावलं चाललेसुद्धा. मग त्यांनी पाहिलं की वहिनी बसूनच आहेत, मान वर करून, पापणी न लववता. आबा माघारी फिरले, जागेवर बसले, आणि त्यांच्यामागे एकेक करून सगळं गाव बसलं. राजाने नाईकाचे डोळे मिटले, गडावर निशाण चढलं, आणि चित्रपट संपला. कान्हेकरांनी शेवट पाहिलेला हा पहिलाच चित्रपट.

दिवे लागल्यावर मी पुढे गेलो. वहिनींचे गाल ओले होते. भाऊ खालूनच त्यांच्याकडे बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"राजानं डोळं मिटल्याव," वहिनी म्हणाल्या, "तुमची पापनी हालली."

"हालली?" भाऊ म्हणाले.

"डावी. उलीशी."

भाऊ माझ्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "मिस्तरी, ऐकलंस का? वीस वर्सांत माजी चूक कुनी काडली न्हाई रं!"

पावसाळा संपेतो वहिनींची नजर पुरती गेली. भाऊंना त्यानंतर दोन कंपन्यांचं बोलावणं आलं, एक तर बऱ्यापैकी भूमिकेचं होतं. निरोप माझ्याकडेच आला म्हणून मी तो घेऊन कान्ह्याला गेलो. भाऊ वहिनींच्या शेजारी बसून तांदळातले खडे काढत होते. निरोप त्यांनी शांतपणे ऐकला, आत हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला, आणि खड्यांचा ढीग बोटाने बाजूला सारला.

"त्यास्नी सांग, भाऊ गेला," ते म्हणाले. "बगनारीनं बगितलं. आता दमलो."